किनाऱ्यावरच्या पाट्या

आमच्या घरी पत्रकं वाया जात नसत. छपाईत चुकलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी गणितं सोडवली, त्यांत भेळ खाल्ली, पावसात भिजलेल्या चपलांत त्यांचे बोळे कोंबले. वडील गिरणी कामगारांत काम करायचे, आई बायकांच्या संघटनेत. मला अक्षरओळख झाली ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात हे मला लहानपणीच पाठ होतं. एक पिळणारी, दुसरी पिळली जाणारी. कोण कोणत्या बाजूला आहे हे ओळखायला मला फार वेळ लागत नसे.

२००३ च्या एप्रिलमध्ये मी जर्सी सिटीत बेंचवर होते. म्हणजे कंपनीनं मला व्हिसावर अमेरिकेत आणलं होतं, पण द्यायला काम नव्हतं. गेस्टहाऊसमध्ये माझ्यासारख्याच इतर मुलींबरोबर वरणभात खायचा आणि फोनची वाट बघायची. त्यात इराकचं युद्ध सुरू झालेलं. टीव्हीवर दिवसभर रणगाडे आणि रस्त्यावर प्रत्येक झाडाला, सैनिक सुखरूप परत यावेत म्हणून बांधलेली पिवळी रिबन. माझं डोकं फिरायची वेळ आली होती. अशात काकांचा फोन आला.

हे काका वडिलांचे कॉलेजातले मित्र. पुण्यात एका खोलीत राहिलेले. वडील चळवळीत गेले आणि काका डॉक्टर होऊन अमेरिकेत. वडील त्यांना प्रेमानं 'पळपुटा' म्हणत. काका भूल देणारे डॉक्टर होते, एडिसनला आयुष्य काढून नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि काकूंनी जे केलं ते ऐकून एडिसनची सगळी मराठी मंडळी थक्क झाली होती. घर विकलं, सामान वाटून टाकलं आणि एक मोटारहोम घेतली. आत स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, सगळं. मुलगा कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आपल्या संसारात; आता तेच त्यांचं घर. काकू त्याला 'बिऱ्हाड' म्हणत.

"बिऱ्हाड सध्या न्यू ऑर्लिन्सजवळ आहे," काका फोनवर म्हणाले. "ये. तुला फ्रान्स दाखवतो."

फ्रान्सची गोष्ट अशी होती की काकांनी तरुणपणी पुण्यात फ्रेंच शिकून घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर मोटारहोम घेऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावरची बंदरं एकेक करून पाहायची, हे त्यांचं जुनं स्वप्न. पण वेळ आली तेव्हा ते म्हणाले, विमानाचा कंटाळा येतो. त्याऐवजी त्यांनी मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेली अमेरिकेतलीच छोटी गावं निवडली. बे सेंट लुइस, पास क्रिश्चियन, बिलोक्सी, डॉफिन आयलंड. सगळी फ्रेंचांनी वसवलेली किंवा फ्रेंच नावांची.

"फ्रान्सची कुठेही शाखा नाही असं कोण म्हणतं?" न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर मला घ्यायला आले तेव्हा काका म्हणाले, आणि मग माझ्याकडं तोंड करून, "अगदी बापाचा चेहरा घेतलास गं! तेच नाक, तोच राग."

मी खूश झाले.

पहिला वाद तिथंच, गाडीत चढायच्या आधी झाला. मोटारहोमच्या मागच्या काचेवर केवढा तरी अमेरिकन झेंडा चिकटवलेला होता.

"काका, हे काय? एवढं युद्ध चाललंय आणि तुम्ही झेंडा मिरवता?"

"झेंडा लावला की पोलीस थांबवत नाहीत," काका म्हणाले. "आपला रंग बघून माणसं काय काय समजतात सध्या. तुझ्या बापाला सांगू नकोस म्हणजे झालं."

"सांगणार," मी म्हटलं. काका हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मला आत घेतलं, हातात लाडवाचा डबा दिला आणि स्वतः पुढं, काकांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

गाडी सुरू झाली आणि काकूही.

"पुढं सिग्नल. हिरवा आहे, हिरवा आहे... पिवळा. स्पीड पंचेचाळीस. उजवीकडे पेट्रोल. जिवंत कोळंबी मिळेल, गळाला लावायला. पुढं वळण आहे हं, डावीकडे. चर्च. 'पार्किंग फक्त आमच्या भक्तांसाठी.' बघा, सदाशिव पेठ इथंही आहे! पुढं स्टॉप. स्टॉप आला. आला."

मला हसू आवरेना. काकू जन्मानं पुण्याच्या. पुण्याचा माणूस पाटी दिसली की वाचतो, आणि मनात वाचून त्याचं समाधान होत नाही. आमच्या घरी पुण्याहून पाहुणे आले की स्टँडपासून घरापर्यंत सगळ्या दुकानांची नावं मोठ्यानं वाचत यायचे. मला वाटलं, तीच सवय अटलांटिक ओलांडून आली आहे.

पण दुसऱ्या दिवसापासून मला वेगळंच काही दिसायला लागलं. काकू चहा ओतायला थांबल्या, किंवा समुद्राकडं बघत जरा गप्प राहिल्या, की काका लगेच म्हणायचे, "वाच." विनंती नाही, हुकूम. "अगं, वाच ना!" आणि काकू कप खाली ठेवून पुन्हा सुरू. त्या कधी झोपल्या नाहीत, पुस्तक उघडलं नाही, मागं येऊन पाय पसरले नाहीत. किनाऱ्यालगतच्या रस्त्याच्या एका बाजूला पांढरीशुभ्र वाळू आणि दुसऱ्या बाजूला मोठाले ओक, त्यांच्या फांद्यांवरून जटांसारखं शेवाळ लोंबतंय, आणि झाडांमागं खांबांची, रुंद व्हरांड्यांची जुनी घरं. दोन वर्षांनी आलेल्या वादळात त्यातली कितीतरी जमिनीवरून पुसली गेली. इतका सुंदर रस्ता, आणि या बाईला तो बघायची मुभा नव्हती, फक्त वाचायची सक्ती होती.

आता यात कोण पिळतंय आणि कोण पिळलं जातंय हे सांगायला पत्रक कशाला हवं?

बे सेंट लुइसला दुपारी जेवायला थांबलो. काकूंनी फोडणी टाकली तसा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. काकांनी सवयीनं हात वर करून त्याचा सेल काढला. जेवताना मी विषय काढला.

"काका, काकू म्हणजे काय तुमचा रेडिओ आहे का?"

"म्हणजे?"

"बटण दाबलं की वाजायचं. वाच म्हटलं की वाचायचं. त्यांना जरा समुद्र बघू द्या की."

काकांचा घास हातातच राहिला. मग ते मोठ्यानं हसले. "बापाची शिस्त! अरे, आमच्याकडं मोर्चा आला!"

"हसू नका. पुढच्या टप्प्याला मी पुढं बसते. काकू मागं आराम करतील. एवढंच असेल तर मी वाचेन पाट्या."

"तू पुढं बसायचं नाहीस," काकू म्हणाल्या.

इतक्या तुटकपणे की मी चमकलेच. आतापर्यंत त्या माझ्याशी असं बोलल्या नव्हत्या.

"अहो पण काकू, तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही करू नकोस. ती जागा माझी आहे. आणखी कढी घे."

मी कढी घेतली आणि मनात आईची सगळी शिबिरं आठवली. बेडीलाच दागिना समजणाऱ्या बायकांबद्दल आई बोलायची, ती ही बाई, असं मी ठरवून टाकलं. खाडीवरच्या त्या लांबच लांब पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना नुसतं पाणी होतं, आणि पुढं काकू म्हणत होत्या, "सरळ. सरळ. पुढं ट्रक आहे, त्याचे लाल दिवे लागले. लागले म्हणते ना!"

बिलोक्सीला आम्ही दोन दिवस राहिलो. तिथं हमरस्त्याच्या मधोमध एक पांढरं दीपगृह उभं आहे आणि दोन्ही बाजूंनी गाड्या धावतात. काकूंनी मला हात धरून ते दाखवायला नेलं, काका गाडीतच थांबले. वारा एवढा होता की काकूंचा पदर हातात राहीना. त्या वाऱ्यानंच असेल, निघायच्या दिवशी सकाळी काकू उठल्या त्या आवाज गमावूनच. गरम पाणी झालं, हळद झाली, मीठ झालं. तोंडातून नुसती हवा.

"आज नको जाऊ या," काका म्हणाले.

पण कॅम्पग्राउंडवरची, म्हणजे मोटारहोमच्या तळावरची, आमची जागा दुपारी दुसऱ्या कुटुंबाला द्यायची होती. आणखी एक दिवस मिळतो का विचारायला मी ऑफिसात जाऊन आले, नाही म्हणाले. पुढचं गाव जवळच होतं.

"मी बसते पुढं," मी म्हटलं. "काकूंच्या घशाला आराम."

काकूंनी जोरजोरात मान हलवली. काका म्हणाले, "नको, आज गरज नाही. रस्ता ओळखीचाच आहे."

मी मागच्या सोफ्यावर बसले. गाडी निघाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाडीत शांतता होती. काकूंनी आपला डावा हात काकांच्या दंडावर ठेवलेला मला मागून दिसत होता. मधूनच त्या बोटांनी हलकेच थोपटत होत्या, मधूनच दंड दाबत होत्या. मला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर गलबलूनही आलं. मी मनात काकांना थोडी माफीही देऊन टाकली.

हमरस्ता सोडून आम्ही एका अरुंद रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना घरं, अंगणं. समोरून येणारी शाळेची पिवळी बस थांबली. तिच्या डोक्यावरचे लाल दिवे लुकलुकायला लागले आणि बाजूनं 'स्टॉप' लिहिलेला तो लाल हात बाहेर आला. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून जो एकच नियम सगळे शिकवतात तो हा, की तो हात बाहेर आला की जग थांबतं. दोन्ही बाजूंची वाहनं जिथल्या तिथं थांबतात, कारण मुलं रस्ता ओलांडणार असतात.

आमची गाडी थांबली नाही.

मला वाटलं थांबेल. अजून थोडं पुढं जाऊन थांबेल. काकूंचा हात काकांच्या दंडावर आपटत होता, थोपटत नव्हता, आपटत होता, आणि त्यांच्या तोंडातून फुटका भाता चालवल्यासारखा आवाज येत होता. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बाजूच्या खिडकीतून बसच्या पुढच्या टोकाशी, एक पाय आमच्या बाजूला टाकलेली एक मुलगी दिसली. गुलाबी दप्तर. तिनं तो पाय मागं घेतला. तिचा चेहरा माझ्या खिडकीच्या खालून गेला. तोंड उघडं, पण ती घाबरलेली नव्हती. गोंधळलेली होती. मोठी माणसं असं करतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

बसचा पिवळा पत्रा हाताच्या अंतरावरून सरकत गेला. मागं भोंगा वाजत राहिला. कुणी बाई किंचाळत होती.

"काका, थांबवा! गाडी थांबवा!"

काकांनी गाडी रस्त्याकडेला घेतली. एका बंद दुकानासमोर ती थांबली. मी धावत पुढं गेले आणि चावी काढून घेतली.

"ती बस दिसली नाही तुम्हाला? ती मुलगी?"

काका समोर बघत होते. "पिवळं काहीतरी दिसलं," ते म्हणाले. "उभं आहे की चालतंय, ते कळलं नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कडा दिसतात मला. रस्त्याची कड, झाडं, बाजूच्या गोष्टी. मधलं दिसत नाही. मधे डाग आहे. मी जिथं बघतो, तिथंच नसतं काही." ते डॉक्टरच्या आवाजात बोलत होते, पेशंटच्या नातेवाइकाला समजवावं तसे. "हळूहळू होतं हे. बरं होत नाही."

मला आधी राग यायला हवा होता. पण पहिला विचार आला तो मूर्खासारखा. म्हणजे बापाचा चेहरा, बापाचं नाक, ते काहीच या माणसानं पाहिलेलं नव्हतं. माझा चेहरा त्यांच्यासाठी डाग होता.

मग सगळं एकदम उलगडलं. वाच. अगं, वाच ना. पुण्याची सवय नव्हती ती. आणि दंडावरचं ते थोपटणं म्हणजे ब्रेक होता.

"तुम्ही बायकोला असं वापरता?" मी काकांवर तुटून पडले. "स्वतःच्या हौसेपायी? फ्रान्स फ्रान्स करत? ती मुलगी मेली असती! पाट्या वाचून माणसं वाचतात का? आणि काकूंनी काय आयुष्यभर..."

"मी," काकू म्हणाल्या.

कुजबुजच होती, पण त्यासाठी त्यांनी एवढा जोर लावला की मानेच्या शिरा ताठल्या.

"त्यांनी नाही. मी. हे मागच्या वर्षीच चावी टाकत होते. मी म्हटलं, टाकू नका. मी तुमचे डोळे होईन."

मी काकांकडं पाहिलं. त्यांचे हात अजून स्टीअरिंगवरच होते.

"काकू, का?"

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग एकेक वाक्य तोडून, थांबून थांबून बोलल्या. मी त्यांच्या अगदी तोंडाशी कान नेला होता.

"एडिसनला मी खिडकीतून बर्फ बघितला. वर्षानुवर्षं. हे हॉस्पिटलात. मला गाडी येत नाही. दूध आणायचं तरी कुणाची तरी गाडी. शिकते म्हटलं, तर म्हणाले, मी आहे ना." काकांनी मान खाली घातली. "आणि आता मी म्हणते डावीकडे, तर आख्खं घर डावीकडे जातं. मी म्हणते थांबा, तर थांबतं. कळतंय तुला? तुला कळायला हवं. तू एवढी वाचलेली."

"पण मुलाकडं..."

"सनीव्हेलला खोली आहे आमची. मुलगा चांगला आहे. सूनही चांगली. वाईट कुणी नाही." त्यांनी माझं मनगट धरलं. "तिथं मी पाहुणी. चावी दे. डॉफिन आयलंडपर्यंत फक्त. आवाज येईल उद्यापर्यंत. मग आम्हीच थांबवू."

मला आजही त्या बोटांची पकड आठवते. आणि मी सुन्न झाले होते, पण आता ते बसमुळे नव्हे. लहानपणापासून मी ज्या बाईच्या बाजूनं भांडायला शिकले होते तीच बाई माझ्यासमोर होती. तिनं जे मागितलं होतं ते कोणत्याही पत्रकात छापण्यासारखं न्याय्य होतं. तिला आपलं घर आपण म्हणू तिकडं न्यायचं होतं. आणि त्यासाठी ती कुणाच्याही मुलीच्या अंगावरून ते न्यायला तयार होती. माझ्या दोन खणांत ही बाई मावेना.

"नाही देणार," मी म्हटलं.

"अगं..."

"नाही काकू. तुम्ही आवाज दिला असतात तरी गाडी वेळेत थांबली असती का, हे तुम्हालाही माहीत नाही. मुलाला फोन करा. नाहीतर मी पोलिसांना करते."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर सोसला असता.

"कर गं," काका त्यांना म्हणाले. "नाही, मीच करतो. मला नंबर पाठ आहे." आणि फोन हातात घेऊन, अंगठ्यानं आकडे चाचपत, त्यांनी मुलाला फोन लावला. "मला दिसत नाही," एवढंच त्यांनी आधी सांगितलं. मग बराच वेळ ते ऐकत राहिले.

तिथून पुढच्या कॅम्पग्राउंडपर्यंत गाडी मी चालवली. त्याआधी मी छोट्या मोटारीपलीकडं काही चालवलेलं नव्हतं. मागं आख्खं घर हलत होतं, कपाटात भांडी आदळत होती, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत पुढं जात होत्या. काकू आपल्या जागेवर, माझ्या शेजारी होत्या. त्यांनी एकही पाटी सांगितली नाही, बोटानं दाखवलीही नाही. एक वळण माझं चुकलं. ते चुकणार हे त्यांना आधी दिसलं होतं, याची मला खात्री आहे.

दोन दिवसांनी मुलगा सनीव्हेलहून आला. माझ्यापेक्षा काही वर्षांनीच मोठा, चिप डिझाइन करणारा, सभ्य माणूस. आल्या आल्या त्यानं माझे दोन्ही हात धरले. "थँक गॉड तू होतीस. आय मीन, समबडी कुड हॅव डाइड, यार." तो आईवडिलांवर एका शब्दानंही ओरडला नाही. सुट्टी काढून आला होता, मोटारहोम स्वतः चालवत कॅलिफोर्नियाला नेणार होता आणि तिथं विकणार होता. त्यानं टायर तपासले. सीटबेल्ट तपासले. धुराच्या अलार्ममध्ये नवे सेल घातले.

मला विमानतळावर सोडायला सगळेच आले. मोबील शहराच्या त्या लहानशा विमानतळाबाहेर गाडी थांबली. मी उतरले, सॅक पाठीवर घेतली. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा चाचपडत, कारण आता त्यांना नाटक करायचं नव्हतं. "बापाला सगळं सांग," ते म्हणाले. "झेंड्याचंसुद्धा."

काकू मागं होत्या, सोफ्यावर. निघताना मुलानंच व्यवस्था लावली होती. बाबांचे पाय आखडतात, त्यांना पुढं जागा बरी. आईला मागं आडवं होता येईल. त्यात वाईट काही नव्हतं. काकूंनी मागं आराम करायचा, अगदी मी बे सेंट लुइसला जेवताना सुचवली होती तीच व्यवस्था.

हे लिहितानाही माझं मत तेच आहे. ती मुलगी पुन्हा समोर आली तर मी पुन्हा चावी काढून घेईन, पुन्हा तोच फोन करायला लावीन, आणि कुणाची क्षमा मागणार नाही. पण तिथं फुटपाथवर उभी असताना काकूंना असं मागं बसलेलं बघवेना.

"काकूंना पुढं बसू दे ना," मी मुलाला म्हटलं.

"अं? शुअर, शुअर." त्यानं मागं वळून हाक मारली. "आई, यू वॉन्ट टू सिट इन फ्रंट? बाबा मागं येतील."

काकूंचा आवाज तोवर परत आला होता. स्वच्छ, पहिल्यासारखा.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "आता पुढं बसून मी काय करू?"